डॉक्टरांचा बर्नआउट, कोचिंग आणि बोधनिक चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न डॉक्टरांनीच विचारलेले आहेत : कामातून येणारा बर्नआउट, त्यावरचे कोचिंग आणि बोधनिक चाचणी, म्हणजे स्मृती, लक्ष व विचारांचा वेग यांचे मोजमाप, यांविषयी. विचारणाऱ्यांत शासकीय महाविद्यालयातील रेसिडेंट (निवासी डॉक्टर) आहेत, तालुक्याच्या गावी स्वतःचे नर्सिंग होम चालवणारी दांपत्ये आहेत आणि सत्तरी ओलांडूनही रोज ओपीडी करणारे ज्येष्ठही आहेत. उत्तरे लिहिताना मी एका गोष्टीवर वारंवार येतो, ती आधीच सांगून ठेवतो : थकलेल्या डॉक्टरला सल्ला देण्यापूर्वी त्याचे नेमके काय बिनसले आहे हे तपासले पाहिजे. रुग्णाच्या बाबतीत आपण हा नियम कधीच मोडत नाही, स्वतःच्या बाबतीत मात्र सर्रास मोडतो.

बर्नआउट म्हणजे नेमके काय? साधा थकवा आणि बर्नआउट यांत फरक कसा करावा?

हा शब्द १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी आपल्या लेखनातून रूढ केला. दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात पुन्हा राबणारे कर्मचारी व स्वयंसेवक त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यांत ते स्वतःही होते. पुढे १९८१ मध्ये क्रिस्तिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना, असे तीन घटक ती मोजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद आहे. परंतु आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून.

साधा थकवा दोन-तीन दिवसांच्या झोपेने आणि सुट्टीने उतरतो. बर्नआउटमध्ये सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशीच छातीवर दडपण येते. तीन घटकांपैकी डॉक्टर थकव्याची कबुली सहज देतात, कारण थकवा हा कष्टाचा पुरावा वाटतो. कोरडेपणा मात्र लपवतात. रुग्णाच्या नावाऐवजी केवळ ‘सात नंबर’ आठवणे, नातेवाईक बोलत असताना त्यांचे ओठ दिसणे पण शब्द आत न पोहोचणे, मृत्यूची बातमी देऊन लगेच पुढचा केसपेपर उचलणे आणि त्याचे काहीच न वाटणे, ही त्याची रूपे आहेत. ज्याला याची लाज वाटते त्याच्यात काळजी अजून शिल्लक आहे, असे मी मानतो.

कोचिंग म्हणजे नेमके काय? हे समुपदेशन आहे का?

महाराष्ट्रात कोचिंग म्हटले की प्रवेश परीक्षेचा क्लास डोळ्यांसमोर येतो. येथे त्याचा अर्थ वेगळा आहे. प्रशिक्षित व्यक्तीबरोबर ठरावीक काळाने, ठरावीक उद्दिष्ट समोर ठेवून होणारे गोपनीय संभाषण म्हणजे कोचिंग. समुपदेशन आणि मानसोपचार वेदनेकडे, तिच्या मुळांकडे आणि आजाराकडे पाहतात. कोचिंग पुढील काही आठवड्यांत काय बदलायचे, काय सोडायचे आणि कोणाला नकार द्यायचा यावर काम करते. कोच निदान करत नाही आणि औषध देत नाही. तो स्वतः डॉक्टर असला तरी त्या खुर्चीत बसल्यावर त्याने ते करू नये.

जगणेच नकोसे वाटते आहे. कोचिंगने मदत होईल का?

नाही, ही कोचिंगची जागा नाही. आज, आत्ता, एखाद्या विश्वासू व्यक्तीला हे सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. डॉक्टरांच्या हाताशी औषधे असतात आणि मात्रा ठाऊक असते, त्यामुळे हा विचार डॉक्टरच्या मनात येणे अधिक धोक्याचे असते. घरात आणि क्लिनिकमध्ये ठेवलेली औषधे काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

कोचिंगचा उपयोग होतो याला पुरावा आहे का?

आहे, आणि त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ८८ डॉक्टरांवर झालेला यादृच्छिक नियंत्रित अभ्यास (चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली तुलना) २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोचिंग मिळालेल्या गटाला पाच महिन्यांत फोनवर सहा सत्रे मिळाली. पहिले तासाभराचे आणि उरलेली अर्ध्या-अर्ध्या तासाची, म्हणजे एकूण साडेतीन तास. या गटात तीव्र भावनिक थकवा असलेल्यांचे प्रमाण १९.५ टक्के बिंदूंनी घटले, तर कोचिंग न मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के बिंदूंनी वाढले. रुग्णांविषयीच्या कोरडेपणात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील १०१ महिला रेसिडेंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही सहा महिन्यांच्या ऑनलाइन गट-कोचिंगनंतर भावनिक थकवा कमी झाल्याचे आढळले.

हे अभ्यास अमेरिकेतील आहेत, सहभागी झालेले डॉक्टर स्वेच्छेने आले होते आणि पाठपुरावा काही महिन्यांचाच होता, हे ध्यानात ठेवावे. शिवाय २०१७ मध्ये बर्नआउटवरील उपायांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा व्यक्तीला शिकवलेल्या उपायांपेक्षा संस्थेने केलेल्या बदलांचा परिणाम मोठा दिसला. तरीही साडेतीन तासांच्या बोलण्याने थकवा इतका हलतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी अनेकांनी गेल्या वर्षभरात स्वतःविषयी कोणाशीही साडेतीन तास बोललेले नसते.

औषधांची नावे आठवत नाहीत, एकच वाक्य तीनदा वाचावे लागते. हे बर्नआउटमुळे होऊ शकते का?

होऊ शकते. स्वीडनमध्ये तर २००५ पासून दीर्घ ताणातून येणाऱ्या गळाठ्याचे स्वतंत्र निदान मान्य आहे, आणि एकाग्रता व स्मृती यांतील अडचण हा त्याच्या निकषांचाच भाग आहे. तेथील उमेओ विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र बर्नआउट असलेल्यांची स्मृती, लक्ष, विचारांचा वेग आणि नियोजनक्षमता निरोगी व्यक्तींच्या तुलनेत थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी असल्याचे त्यात दिसले. वर्षानुवर्षे साठलेले शब्दज्ञान मात्र शाबूत होते. डॉक्टरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शिकलेले वैद्यक जात नाही, पण ते योग्य क्षणी, योग्य क्रमाने आणि तीन अडथळ्यांमधून वर काढण्याची शक्ती मंदावते. म्हणूनच ओपीडीत नेहमीचा रुग्ण सहज तपासला जातो. मात्र एकाच वेळी फोन वाजतो, परिचारिका काही विचारते आणि समोर नवा ईसीजी येतो, तेव्हा मन कोरे पडते.

परंतु येथेच थांबून सगळ्याचे खापर बर्नआउटवर फोडणे चुकीचे आहे. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणे), नैराश्य, मद्य, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, कोविडनंतर रेंगाळणारी लक्षणे, लहानपणापासून असलेले पण हुशारीमुळे झाकले गेलेले एडीएचडी (लक्ष टिकवता न येण्याचा विकार), आणि क्वचित स्मृतिभ्रंशाची सुरुवात, या सर्वांचे पहिले वाक्य हेच असते : हल्ली लक्षात राहत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत आणखी एक कारण मी आवर्जून विचारतो, ते म्हणजे कपाटातल्या सॅम्पलच्या गोळ्या. नाइट ड्यूटीनंतर झोप यावी म्हणून घेतलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी केव्हा रोजची होते हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि तीच सकाळच्या धूसरपणाचे कारण असते.

मी स्वतः डॉक्टर आहे. मला काय होते आहे ते मला कळते. मग बोधनिक चाचणी कशासाठी?

कारण स्वतःच्या बुद्धीविषयीचा आपला अंदाज फारसा विश्वासार्ह नसतो. ‘माझी स्मृती गेली’ ही तक्रार आणि प्रत्यक्ष चाचणीतील कामगिरी यांचा मेळ अनेकदा बसत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. चूक दोन्ही दिशांनी होते. थकलेला, नैराश्यग्रस्त डॉक्टर आपली क्षमता आहे त्यापेक्षा कमी समजतो आणि शस्त्रक्रिया सोडण्याचा विचार करू लागतो. उलट ज्याची क्षमता खरोखर उतरते आहे, त्याच्या जाणिवेतूनच ती उतरण निसटू शकते. सहकाऱ्यांना ती आधी दिसते आणि ते आदरापोटी बोलत नाहीत.

चाचणीचे मोल मला या फाट्यावर दिसते. लक्ष आणि वेग कमी, पण शिकलेली यादी थोड्या वेळाने नीट आठवते, असे चित्र असेल तर झोप, ताण आणि मनःस्थिती यांकडे प्रथम पाहावे लागते. यादी आठवतच नाही आणि आठवण करून देणारा इशारा दिला तरी उपयोग होत नाही, असे असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणे लांबवू नये. सर्व निकाल उत्तम आणि तक्रारी तीव्र असतील तर कामाची रचना, चिंता आणि नैराश्य यांचा शोध घ्यावा. म्हणजे कोचिंग हवे, उपचार हवेत की केवळ रजा हवी, याचा निर्णय अंदाजाऐवजी मोजमापावर उभा राहतो. चाचणी एकटीने निदान करत नाही. इतिहास, तपासणी आणि रक्तचाचण्या यांच्या सोबतीनेच ती बोलते. आणि कोचिंगमध्येही तिचा थेट उपयोग होतो. ज्याची कार्यरत स्मृती (माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता) सध्या कमी पडते आहे, त्याला ‘वेळेचे नियोजन करा’ असे सांगणे निष्फळ असते; त्याला हँडओव्हर (पाळी बदलताना दिली जाणारी रुग्णांची माहिती) लिहून घेण्याची, फोन दुसऱ्याकडे देण्याची आणि शस्त्रक्रियेची यादी सकाळीच संपवण्याची व्यवस्था लावून द्यावी लागते.

चाचणीत काय करतात आणि किती वेळ लागतो?

दोन प्रकार वेगळे समजून घ्यावेत. पहिला प्रकार दहा-पंधरा मिनिटांच्या चाळणीचा. माँट्रियलमध्ये तयार झालेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोका ही ३० गुणांची चाचणी यातली सर्वांत परिचित. २६ किंवा अधिक गुण सर्वसाधारण मानले जातात. ती सौम्य स्मृतिदोष हेरण्यासाठी बनवली आहे, बर्नआउट झालेल्या चाळिशीच्या सर्जनसाठी नाही. उच्चशिक्षित व्यक्ती तिच्यात सहज वरचे गुण मिळवते, आणि ज्याने ती शेकडो रुग्णांना दिली आहे त्याला पाच शब्द आणि घड्याळाचे चित्र आधीच ठाऊक असते. म्हणून डॉक्टरच्या बाबतीत केवळ मोकावर समाधान मानू नये.

दुसरा प्रकार म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने घेतलेली सविस्तर चाचणीमाला. तिला साधारण दोन ते चार तास लागतात आणि ती दोन बैठकींत विभागता येते. अंक उलट्या क्रमाने सांगणे, विखुरलेले अंक-अक्षरे क्रमाने जोडणे, शब्द वाचण्याऐवजी त्याचा रंग सांगणे, पंधरा शब्दांची यादी शिकून अर्ध्या तासाने आठवणे, दिलेल्या अक्षरावरून शब्द सुचवणे, अशी कामे तीत असतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीयांसाठी प्रमाणित केलेली चाचणीमाला वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार तुलना करू देते, आणि ती तुलनाच निकालाचा प्राण असते. चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी हेही विचारावे. घरी मराठी, वॉर्डात मराठी-हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी असे ज्याचे आयुष्य आहे, त्याची शब्दस्मृती केवळ इंग्रजीत तपासणे न्याय्य होत नाही.

नाइट ड्यूटीवरून थेट चाचणीला जाऊ नका. किमान दोन रात्री पुरेशी झोप घ्या, नेहमीचा चहा-कॉफी घ्या, चष्मा बरोबर ठेवा आणि सुरू असलेल्या प्रत्येक गोळीची खरी नोंद सांगा, सॅम्पलच्या गोळ्यांसह.

चाचणीचे निकाल सर्वसाधारण आले. म्हणजे माझी तक्रार खोटी होती का?

मुळीच नाही. शांत खोलीत, एका वेळी एकच काम, मध्ये कोणी बोलणार नाही, अशा स्थितीत मेंदू उत्तम चालतो एवढेच त्यातून कळते. कॅज्युअल्टी तशी नसते. शिवाय अनेक जण चाचणीत गुण मिळवतात, पण त्यासाठी दुप्पट जोर लावतात आणि संध्याकाळी कोसळतात. चांगला परीक्षक हे निरीक्षण अहवालात लिहितो. तरीही सर्वसाधारण निकालाचे समाधान मोठे असते. ‘मला आईसारखा स्मृतिभ्रंश होतो आहे’ ही भीती वर्षभर मनात बाळगून जगणाऱ्या माणसासाठी ते एक पान झोपेच्या गोळीपेक्षा अधिक काम करते.

निकाल वाईट आला तर माझे रजिस्ट्रेशन जाईल का? हे कोणाला कळेल?

तुम्ही स्वतःहून खासगीरीत्या केलेल्या चाचणीचा अहवाल तुमचा असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क देतो, आणि उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर ती पाळण्याचे बंधन घालतो. कोच मात्र या चौकटीत बसत नाही, म्हणून त्याच्याबरोबर गोपनीयतेचा लेखी करार करावा. तुमचे रुग्णालय कोचिंगचे पैसे देत असेल तर व्यवस्थापनाला कोणती माहिती मिळणार आहे, हे पहिल्या सत्राआधी लेखी मागा. ‘केवळ हजेरी’ यापलीकडे काहीही जाणार असेल तर ते कोचिंग स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सक्तीच्या चाचणीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कठीण आहे. अमेरिकेतील येल न्यू हेवन हॉस्पिटलने ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या डॉक्टरांच्या पुनर्नियुक्तीसाठी बोधनिक चाचणी सुरू केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तपासलेल्या १४१ जणांपैकी १८ जणांत, म्हणजे १२.७ टक्क्यांत, स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यास बाधा आणतील असे दोष आढळले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेथील समान रोजगार संधी आयोगाने, केवळ वयावरून चाचणी लादणे हा भेदभाव आहे, असे म्हणत या रुग्णालयावर खटला भरला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. १८ डॉक्टरांच्या हातून रुग्णांना धोका होऊ शकला असता. आणि उरलेल्या १२३ जणांना केवळ जन्मतारखेमुळे संशयाच्या रांगेत उभे राहावे लागले.

भारतात वयानुसार डॉक्टरांची अशी चाचणी सक्तीची करणारा नियम नाही. म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती असते की साठीतच, सर्व काही ठीक असताना, एकदा सविस्तर चाचणी करून ठेवावी. पुढे कधी शंका आली तर तुलना इतरांशी नव्हे, स्वतःच्याच जुन्या निकालाशी करता येते.

रेसिडेंटची ड्यूटी सलग छत्तीस तास असते. त्याला कोचिंग देऊन काय उपयोग?

ड्यूटी तशीच ठेवून कोचिंग देणे हा अन्याय आहे, हे मी निःसंकोच लिहितो. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेतच आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक काम सामान्यतः नसावे असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, एक साप्ताहिक सुट्टी आणि रोज सात ते आठ तासांची झोप सुचवली. तीस वर्षांत अपेक्षाच ४८ वरून ७४ वर आली, आणि वॉर्डातले वास्तव त्याच्याही पुढे आहे.

१९९७ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी घसरली, आणि २४ तासांनंतर ती सुमारे ०.१ टक्क्याइतकी. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत आपण कोणाला दुचाकीही चालवू देणार नाही, त्या अवस्थेत आपण पंचविशीतल्या मुलीला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकायला सांगतो. २००४ मध्ये बोस्टनमधील अभ्यासात, चोवीस तासांहून लांब पाळ्या असलेल्या वेळापत्रकात इंटर्नांच्या हातून ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे आढळले. अशा रेसिडेंटची बोधनिक चाचणी घेऊन ‘लक्ष कमी’ असा शेरा लिहिणे म्हणजे धुरात बसवलेल्या माणसाला खोकला आहे अशी नोंद करणे. त्याला आधी झोप द्यावी. मार्डने, म्हणजे महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, ड्यूटीच्या तासांसाठी केलेली मागणी ही माझ्या मते वैद्यकीय सुरक्षेचीच मागणी आहे. कोचिंगचा उपयोग त्यानंतर होतो : वरिष्ठांशी बोलावे कसे, हातून झालेल्या चुकीचे ओझे किती दिवस वाहावे, ही शाखा खरोखर आपली आहे का.

आमचे नर्सिंग होम आहे. खाली दवाखाना, वर घर. सुट्टी घेणार कशी?

महाराष्ट्रातील लहान गावांत हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण जिना हीच काम आणि घर यांच्यातली एकमेव सीमा असते. येथे कोचिंगची उद्दिष्टे फार छोटी ठेवावी लागतात. गावातील दोन-तीन समव्यावसायिकांशी बोलून आळीपाळीने रात्रीच्या इमर्जन्सी वाटून घेणे, दवाखान्याचा फोन रात्री दहानंतर परिचारिकेकडे ठेवणे, महिन्यातला एक रविवार पाटीवर ‘बंद’ लिहून खरोखर बंद ठेवणे, एवढ्यापासून सुरुवात होते. त्यामागची भीती खरी असते : रुग्ण शेजारच्याकडे जाईल, कर्जाचा हप्ता चुकेल, एखादी केस बिघडली तर जमाव येईल. ही भीती आकड्यांत मांडायला सांगतो. बंद ठेवलेल्या एका रविवारचे नेमके किती रुपये बुडाले, हे तीन महिने लिहून काढल्यावर निर्णय सोपा होतो. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असतील तर निदान पहिले सत्र दोघांचे स्वतंत्र असावे. एकाच्या थकव्याचा भार दुसऱ्याने कसा उचलला आहे, ते एकत्र बसल्यावर बाहेर येत नाही.

कोच कसा निवडावा?

‘कोच’ या पदवीला भारतात कायद्याचे नियंत्रण नाही. कोणीही स्वतःला कोच म्हणवून घेऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनचे प्रमाणपत्र असल्यास प्रशिक्षणाची किमान खात्री मिळते. तिच्या मधल्या पातळीसाठी किमान ५०० तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो. चाचणी घेणारी व्यक्ती मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावी. ऑनलाइन पंधरा मिनिटांत ‘मेंदूचे वय’ सांगणाऱ्या आणि लगेच महागडे पॅकेज विकणाऱ्यांपासून दूर राहावे. ‘मला कोणत्या स्थितीत तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवाल?’ हा प्रश्न कोचला विचारा. उत्तर चटकन आणि नेमके आले नाही तर दुसरा कोच शोधा.

पुन्हा चाचणी कधी करावी?

लगेच नको. त्याच चाचण्या लवकर दिल्या तर सरावानेच गुण वाढतात आणि खोटा दिलासा मिळतो. सहसा सहा महिने ते वर्षभराचे अंतर ठेवून, शक्य तेथे समांतर (तितक्याच अवघड, पण वेगळ्या शब्दांच्या) याद्या वापरून, त्याच परीक्षकाकडून चाचणी करावी. मनःस्थिती आणि झोप सुधारल्यानंतरही लक्ष व स्मृती मागे रेंगाळतात. बरे वाटू लागले म्हणून दुसऱ्याच आठवड्यात पूर्ण शस्त्रक्रिया यादी लावू नये. दरम्यान पंधरा दिवसांतून एकदा तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात : सरासरी झोप किती झाली, केसपेपर किती वेळा पुन्हा वाचावा लागला, आणि कोणता रुग्ण नावाने आठवतो.